फोनला नेट नेमके कशासाठी लागते?

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातील धसई हे महाराष्ट्रातील पहिले 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झाले. नोटाबंदीला तेव्हा महिनाही झाला नव्हता. राज्याचे तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते उद्घाटन झाले, बँक ऑफ बडोदाने व्यापाऱ्यांना कार्ड घासण्याची यंत्रे दिली आणि आसपासच्या गावापाड्यांची बाजारपेठ असलेल्या या गावात किराण्यापासून वडापावपर्यंत सगळ्याचे पैसे कार्डाने देण्याची सोय झाली. चर्चा झाली ती नोटा आणि कार्डे यांची. पण कार्डयंत्राच्या पोटात सिमकार्ड असते आणि ते टॉवरशी बोलले तरच व्यवहार पुरा होतो, ही बाजू मागे राहिली. नोटा पुन्हा हातात खेळू लागल्यावर रोखीचा व्यवहार परतला. रेंजचा प्रश्न मात्र तिथून पुढे वाढतच गेला.

त्यानंतरच्या वर्षांत मुरबाड आणि शेजारच्या शहापूर तालुक्यातली बँक, शाळा, रेशन, रोजगार हमी, पीक पाहणी, अंगणवाडी असे सगळेच फोनवर आले. सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली की फोन म्हणजे नेट. मग घराघरांत प्रश्न उभे राहिले. नेटपॅक संपला तर मुलाचा फोन येईल का? जुन्या फोनमधले नंबर नव्यात घ्यायला नेट लागते का? रेंजच्या दोन काड्या दिसतात, तरी पैसे का जात नाहीत? या प्रश्नांची उत्तरे गेल्या दहा वर्षांत बदलली आहेत. महिन्याचा खर्च आणि सरकारी योजनेचा लाभ त्यांवर अवलंबून असल्यामुळे ती नीट समजून घ्यायला हवीत.

कॉलचे चार रस्ते

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते त्यानंतर पंधरवड्याने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत. म्हणजे या देशात लोकांपर्यंत मोबाईल आधी आला आणि इंटरनेट नंतर. कॉल करायला मुळात नेट लागत नव्हते, याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही.

हा पहिला रस्ता टूजीचा. त्यात बोलणे चालू असेपर्यंत टॉवर तुमच्यासाठी एक वाट राखून ठेवतो आणि त्या वाटेवरून फक्त आवाज जातो. सेकंदाला जेमतेम तेरा हजार बिट पुरतात. म्हणून रेंज अगदी अशक्त असली तरी बटणाच्या फोनवर बोलता येते.

दुसरा रस्ता फोरजीवरच्या कॉलचा. फोनच्या वरच्या पट्टीवर 'व्हीओएलटीई' अशी अक्षरे दिसतात ती याचीच खूण. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि हा प्रकार घरोघरी पोचला. जिओकडे टूजी नव्हतेच, त्यामुळे तिथला प्रत्येक कॉल फोरजीवरूनच जाऊ लागला. एअरटेलने हीच सेवा सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईपासून सुरू केली. त्याआधी त्यांच्या फोरजी फोनवर कॉल आला की फोन खाली जुन्या जाळ्यावर उतरायचा आणि बोलणे संपेपर्यंत फोरजी सुटायचे.

लोकांचा गोंधळ होतो तो इथे. या कॉलमध्ये आवाजाचे छोटे तुकडे करून पाठवतात. तंत्र इंटरनेटचेच आहे, पण हे तुकडे कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून जातात. ते बाहेरच्या इंटरनेटवर जात नाहीत आणि नेटपॅकमधून कापलेही जात नाहीत. फोनमधला 'मोबाईल डेटा' बंद ठेवला तरी कॉल लागतो आणि येतो. शिवाय या तुकड्यांना जाळ्यात अग्रक्रम असतो. भरलेल्या एसटीत आरक्षण केलेल्या प्रवाशाला त्याची जागा मिळते आणि बाकीचे उभे राहतात, तसे इथे आवाजाला जागा मिळते आणि व्हिडिओ, फोटो ताटकळतात. म्हसा गावच्या यात्रेसारख्या गर्दीत व्हॉट्सॲप फिरत राहते, पण साधा फोन लागून जातो, यामागचे एक कारण हेच.

तिसरा रस्ता व्हॉट्सॲप कॉलचा. व्हॉट्सॲपने २०१५ मध्ये आवाजी आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये व्हिडिओ कॉल आणले. यांना मात्र इंटरनेट लागतेच, दोन्ही टोकांना आणि सलग. इथे आवाजाला राखीव जागा नसते. बाकीच्या सगळ्या गर्दीबरोबर तो जातो, म्हणून कमी रेंजमध्ये तुटतो. शिवाय त्याला कंपनीच्या मर्जीइतकीच सरकारचीही परवानगी लागते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲप कॉलवर निर्बंध आहेत. तिकडे कामाला गेलेल्या मराठी माणसाला वेगवान इंटरनेट असूनही घरी बोलण्यासाठी दुसरी सोय बघावी लागते.

चौथा रस्ता वायफाय कॉलिंगचा. एअरटेलने तो डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केला. यात व्हॉट्सॲप लागत नाही. नेहमीच्या नंबरावरून नेहमीचाच कॉल होतो, फक्त टॉवरऐवजी तो घरातल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या ब्रॉडबँडवरून कंपनीपर्यंत पोचतो. जिथे टॉवरची रेंज मरते पण तारेने इंटरनेट आलेले आहे, अशा ठिकाणी ही सोय मोलाची आहे. डोंगराच्या आडोशाला असलेल्या शाळेत, दवाखान्यात किंवा पाड्यावर टॉवर येईपर्यंत थांबावे लागत नाही.

चारही रस्ते पाहिल्यावर उत्तर स्पष्ट होते. पहिल्या दोन रस्त्यांना इंटरनेट लागत नाही, तिसऱ्याला लागते आणि चौथ्यात ते टॉवरचे काम करते. वायफाय नसेल तर कॉल होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. आणि 'आता सगळे नेटवरच चालते' असे सांगून महागडा पॅक गळ्यात मारणे अन्यायाचे आहे.

सिंक: नेट लागते, पण आत्ताच नाही

फोनमधली माहिती दुसरीकडे जुळवून ठेवणे, म्हणजे लोकांच्या बोलीत सिंक करणे, हा दुसरा भाग. इथेही सगळे एका मापाने मोजले जाते आणि माणूस फसतो.

नंबरांची यादी म्हणजे नुसता मजकूर. काही शे नंबर गूगल खात्यात साठवायला एका फोटोपेक्षाही कमी डेटा पुरतो. तेही एकदा झाले की पुढे बदल झाला तेवढाच जातो. नेट नसेल तर यादीची एक फाईल करून ती ब्लूटूथने दुसऱ्या फोनमध्ये देता येते. सिमवरही साधारण अडीचशे नंबर मावतात. बटणाचा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांसाठी ती आजही चांगली सोय आहे, फक्त सिम हरवले की नंबरही गेले, हे ध्यानात ठेवावे.

फोटो आणि व्हिडिओ यांचे तसे नाही. ते आपोआप वर चढवण्याची सोय चालू राहिली तर दिवसाचा दीड जीबी दुपारपर्यंत संपतो आणि संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाला काही उरत नाही. गूगल फोटो आणि व्हॉट्सॲप या दोन्हींच्या सेटिंगमध्ये बॅकअप 'फक्त वायफायवर' घेण्याचा पर्याय असतो. तो लावून ठेवावा. महिन्यातून एकदा मुरबाडला किंवा कल्याणला नातेवाइकांकडे गेल्यावर सगळे वर चढले तरी काही बिघडत नाही.

एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये फाईल द्यायला वायफाय वापरतात, पण तिथे इंटरनेटचा संबंध नसतो. दोन फोन एकमेकांशी थेट रेडिओलहरींनी बोलतात आणि पॅकमधला एक एमबीही जात नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात शेअरइट होते आणि खेड्यांत ते फार वापरात होते. आता अँड्रॉइडमध्येच तशी सोय आलेली आहे. बाजारच्या गावात मोबाईल दुकानदार मेमरी कार्डात गाणी आणि भजने भरून देत, तीही एका अर्थाने सिंकच होती आणि तिला नेट लागत नव्हते.

सांगायचे एवढेच की सिंकला जोडणी लागते ती कधीतरी, थोडा वेळ. ती सतत लागत नाही. माहिती फोनमध्येच नीट साठवून, जोडणी मिळाली की पाठवायची, हे फार जुने आणि भरवशाचे तंत्र आहे. एसएमएसही तसाच चालतो. समोरचा फोन बंद असला तर संदेश कंपनीकडे थांबतो आणि फोन चालू झाला की पोचतो.

योजना आणि सततची रेंज

हे तत्त्व पाळणारी आणि न पाळणारी, अशी दोन्ही उदाहरणे आपल्या राज्यात आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. शेतात रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये ठेवून नंतर अपलोड करता येते, आणि एका फोनवरून अनेक खातेदारांची पाहणीही होते. धसईच्या परिसरात, जिथे भातखाचरे डोंगराच्या कुशीत आहेत, तिथे ही सोय नसती तर सातबाऱ्यावर पीकच चढले नसते.

रोजगार हमीची हजेरी जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा, जागेच्या आणि वेळेच्या नोंदीसह फोटो घ्यावे लागत. फोटो रेंजबाहेर काढून नंतर पाठवण्याची मुभा होती, ही जमेची बाजू. पण अपलोड अडकले तर मजुरी अडकते, आणि त्याचा फटका बसतो तो ठाकर, कातकरी मजुराला. ज्याच्या हातात तो फोनच नसतो, त्याने रेंजची जबाबदारी का घ्यावी?

अंगणवाड्यांसाठी २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने, कमकुवत आणि ॲप इंग्रजीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. त्या बायकांना काम नको होते असे म्हणणाऱ्यांनी एकदा पाड्यावर बसून शंभर नोंदी अपलोड करून पाहाव्यात.

रेशनच्या ई-पॉस यंत्राचा प्रश्न अधिक कठीण आहे. अंगठ्याचा ठसा दूरच्या सर्व्हरवर लगेच जुळवावा लागतो, नंतर पाठवून चालत नाही. इथे सतत जोडणी खरोखरच लागते. म्हणून तिथे दुसरा मार्ग नियमातच असायला हवा. यंत्र चालले नाही तर धान्य द्यायचे आणि नोंद वहीत करायची, हा कार्डधारकाचा हक्क असावा. तो दुकानदाराचा उपकार किंवा तहसीलदारांची कृपा असता कामा नये.

नेटशिवाय पैसे

बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, त्याला नेट लागत नाही. पैसे पाठवण्यासाठीही वाट आहे. *९९# हा क्रमांक फिरवून बटणाच्या फोनवरून यूपीआय वापरता येते. ही सेवा ऑगस्ट २०१४ मध्ये राष्ट्राला समर्पित झाली आणि एप्रिल २०२२ मध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने तिचे शुल्क शून्य केले. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 'यूपीआय १२३पे' सुरू केले. त्यात मिस्ड कॉल देऊन किंवा ध्वनिमुद्रित सूचना ऐकत बटणे दाबून पैसे देता येतात. धसईत यंत्रे आली तेव्हा यूपीआय नुकतेच जन्माला आले होते आणि भीम ॲप यायला आणखी महिना होता. आज साधने जास्त आहेत, पण त्यांची माहिती बाजारातल्या भाजीवालीपर्यंत कोणी नेत नाही. बँकेच्या शाखेने आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून *९९# शिकवले तर एका महिन्यात फरक दिसेल, असा माझा विश्वास आहे.

रिचार्जचा हिशेब

कॉलला नेट लागत नाही, तर नेटचे पैसे का द्यायचे? हा प्रश्न लाखो घरांनी अनेक वर्षे विचारला. बहुतेक पॅकमध्ये कॉल, एसएमएस आणि डेटा एकत्र बांधलेले होते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर हा भार अधिकच टोचू लागला. अखेर २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम बदलला. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेला निदान एक स्वतंत्र पॅक द्यायचा, आणि अशा विशेष पॅकची मुदत ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, असे ठरले. देशात तेव्हा सुमारे १५ कोटी ग्राहक टूजीवर होते, हे त्यामागचे मोठे कारण होते.

जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. आधी जाहीर झालेले दर थोडे उतरले आणि ८४ दिवसांसाठी जिओचा ४४८ रुपयांचा, एअरटेलचा ४६९ रुपयांचा पॅक बाजारात आला. वीटभट्टीवर सहा महिने राहणाऱ्या कुटुंबाला घरच्या म्हाताऱ्यांशी फक्त बोलायचे असते. त्याला हे दरही हलके नाहीत. नियम योग्य दिशेचा आहे, पण 'स्वतंत्र' या शब्दाबरोबर 'स्वस्त' हा शब्दही त्यात हवा होता.

डोंगर, वीज, टॉवर

मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. माळशेज, नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड या सगळ्यांच्या पायथ्याशी गावे आणि पाडे विखुरलेले आहेत. रेडिओलहर डोंगराला वळसा घालून फारशी जात नाही. तिची वारंवारता जितकी कमी तितकी ती दूर पोचते आणि अडथळ्यामागे थोडीफार वळते. वेगवान नेट देणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी लवकर थकतात. म्हणून जिथे साधा कॉल लागतो तिथेच नेट चालेल, असे गृहीत धरता येत नाही. त्यात पावसाळ्यात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की कॉलही गेला आणि नेटही. टॉवर उभारणे हे अर्धे काम. त्याला डिझेल, बॅटरी आणि देखभाल मिळते का, हे उरलेले अर्धे.

सरकारी प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तिचेच नाव भारतनेट झाले. जुलै २०२२ मध्ये केंद्राने फोरजी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचे उद्घाटन झाले आणि सुमारे ९७,५०० टॉवर सुरू केल्याचे जाहीर झाले. डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेत कोणताही छोटा दुकानदार परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. फायबर पंचायतीत आला, तिथून वायफाय पाड्यावर गेले आणि त्यावर वायफाय कॉलिंग चालले, तर डोंगराआडच्या घराला टॉवरची वाट बघावी लागणार नाही. हे तुकडे वेगवेगळ्या योजनांत पडून आहेत. ते जोडणारा माणूस तालुक्याला हवा.

तानसा आणि भातसा या शहापूरच्या धरणांतले पाणी रोज मुंबईला जाते. त्या पाण्यासाठी शेकडो किलोमीटरच्या वाहिन्या घातल्या गेल्या. तेवढ्याच निश्चयाने एक फायबर उलट दिशेने यायला हरकत नसावी.

संकटाच्या वेळी

मुरबाडमधून आहुपे घाट चढला की पुणे जिल्ह्यातला आंबेगाव तालुका लागतो. तिथे ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. बाहेरच्या जगाला ती खबर नेहमीच्या रस्त्याने आलेल्या एसटीच्या चालकाने दिली. अशा डोंगराळ मुलखात फोन कशासाठी हवा, याचे उत्तर त्या सकाळी मिळाले.

त्यानंतर एक चांगली गोष्ट झाली. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी मोठ्या आवाजात इशारा पाठवण्याच्या यंत्रणेची चाचणी २०२३ मध्ये देशभर झाली. त्या जुलैत महाराष्ट्रातले असंख्य फोन एकदम वाजले ते त्यामुळेच. या इशाऱ्याला ना नेट लागते, ना ॲप, ना नंबरांची यादी. फक्त टॉवर जिवंत हवा आणि फोनने तो संदेश ओळखायला हवा, जे सर्व जुन्या बटणाच्या फोनना जमत नाही. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायलाही नेट लागत नाही. जीव वाचवणारी साधने सगळ्यात साध्या जोडणीवर चालतात. म्हणून दरडीच्या पट्ट्यातल्या गावाला फाईव्हजी कधी मिळेल याआधी, पावसात वीज गेल्यावर तिथला टॉवर किती तास चालतो, हे विचारले पाहिजे.

काय मागायचे

या सगळ्याचा अर्थ इंटरनेट नको असा मुळीच नाही. शिक्षण, आरोग्य, शेतमालाचे भाव यांसाठी मुरबाड-शहापूरला चांगले नेट हवे आणि ते मिळणे हा हक्क आहे. पण क्रम महत्त्वाचा. आधी न तुटणारा आवाज आणि एसएमएस, मग कधीतरी का होईना पण नक्की मिळणारे नेट, आणि शेवटी सततचे वेगवान नेट. आज योजना आखणारे तिसऱ्या पायरीवर उभे राहून पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे हजेरी, अंगठा आणि फोटो मागतात.

ग्रामसभेने यावर चार ठराव करावेत. पाड्यातली रेंज कंपनीच्या नकाशावर न मोजता पाड्यात जाऊन मोजावी. गावातल्या टॉवरला पावसाळ्यात निदान एक दिवस पुरेल एवढी वीज साठवण असावी. माहिती मागणाऱ्या प्रत्येक सरकारी ॲपमध्ये नेटशिवाय नोंद साठवण्याची सोय सक्तीची असावी आणि उशिरा पोचलेली नोंद वेळेवरचीच धरावी. आणि जिथे सतत जोडणी खरोखरच लागते तिथे ती तुटल्यास कागदावर हक्क मिळावा. यांतला एकही ठराव नवे तंत्रज्ञान मागत नाही. आहे त्या तंत्राला किती नेट लागते हे ओळखून नियम करणे, एवढीच ती मागणी आहे, आणि ती पुरी व्हायला फाईव्हजीची वाट पाहायची गरज नाही.